पोराने केबल चोरली, दोन महिने शाळा बुडवली. बाप म्हणून माझ्यावर काय येतं?

बॅगवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुक्कामी गाडीच्या रात्री वेळ जात नाही म्हणून वर्षभर इथे नुसता वाचतोय. लिहितोय आज पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एसटीत कंडक्टर. जळगाव जिल्ह्यातला एक डेपो, नाव नको. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. घरी म्हातारी आई, बायको, मुलगी बारावीला आणि धाकटा नववीत. धाकट्याला पंधरा पूर्ण होऊन चार महिने झालेत. सव्वा एकर कोरडवाहू आहे, ते बायको बघते. माझी ड्युटी लांब पल्ल्याची, आठवड्यात तीन रात्री बाहेर.

गेल्या महिन्यात नाशिकहून गाडी आणून कॅश भरत होतो, तेव्हा फोन आला. "पोराला घेऊन ठाण्यात या. जन्माचा दाखला आणा." एवढंच. मला वाटलं अपघात झाला. दाखला कशाला, हे डोक्यात आलंच नाही.

झालं असं, की आमच्या शिवारातल्या एका विहिरीवरची मोटारीची केबल गेली होती, शंभर-सव्वाशे फूट. तिघांनी कापली. एक गावातलाच, एकोणीस वर्षांचा. दुसरा सतरा वर्षांचा. तिसरा आमचा. नाल्यात नेऊन जाळली, वरचं प्लास्टिक गेलं आणि साडेतीन किलो तांबं राहिलं. भंगारवाल्याने किलोला साडेचारशे दिले. त्यातले पाचशे आमच्याच्या वाट्याला आले, म्हणजे आलेच नाहीत, मोठ्याने ते उधारीत वळते करून घेतले. उधारी कसली, तर मोबाईलवरच्या पत्त्यांची. अठराशे रुपये.

पत्त्यांचं एक सांगायला पाहिजे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे कशी असते ते खान्देशातल्यांना ठाऊक आहे. बायका माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी होतात, आणि पुरुषांचे पत्ते बसतात. वर्षभर ज्याला जुगार म्हणतो त्याला त्या दोन-तीन दिवसांत कुणी नाव ठेवत नाही. मागच्या आखाजीला मी याला शेजारी बसवलं होतं. पोरगा हिशेबाला पक्का, माझं आलं-गेलं तोच धरून होता. उठलो तेव्हा तीनशे चाळीस रुपये वर होतो, त्याने न चुकता सांगितलं. चार लोकांत मी कौतुक केलं, कुल्फीला वीस रुपये दिले.

ठाण्यातून आल्यावर शाळेत गेलो. वर्गशिक्षकांनी हजेरीपट पुढ्यात ठेवला. डिसेंबर-जानेवारी मिळून एकेचाळीस दिवस गैरहजर. (दिवाळीनंतर कापूस वेचायला मजूर मिळेना म्हणून नऊ दिवस आम्हीच घरी ठेवला होता, ते वेगळं.) सर म्हणाले, "ग्रुपवर कळवलं होतं की. तुमच्या सहीच्या दोन चिठ्ठ्याही आल्या." ग्रुप ज्या नंबरवर आहे तो मोबाईल पोराच्याच हातात असतो, बायकोला त्यात फोन घेता येतो तेवढाच. चिठ्ठ्या बघितल्या. सही माझीच वाटत होती. वेबिलावर करतो तशी, शेपटी वर ओढलेली.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. डिसेंबरात एक दिवस ऐनवेळी मला शाळेच्या फेरीवर टाकलं, त्या फेरीचा माणूस रजेवर होता. सात वाजून पाच मिनिटांनी गाडी आमच्याच गावच्या फाट्यावर. पोरगा दप्तर घेऊन पावणेसातला घरून निघतो, हे मला माहीत. फाट्यावर पंधरा-वीस पोरं चढली, सगळी ओळखीची. पास बघत बघत मागे गेलो. आमचा नाही. विचारलं, "आमचा कुठे रे?"

सगळी पोरं एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. त्या फेरीला एरवी इतका कालवा असतो की स्टॉपचं नाव ओरडावं लागतं. शेवटच्या सीटवरची एक मुलगी म्हणाली, "तो उना नही, काका." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी डबल बेल दिली.

त्यावर मी काही केलं नाही. त्या रात्री मुक्काम होता, दुसऱ्या दिवशी डबल ड्युटी. घरी पोचलो तेव्हा तो तोंडावरून चादर घेऊन झोपलेला. म्हटलं सकाळी विचारू. सकाळी तो दप्तर घेऊन निघाला, मी चहा पीत होतो, आणि विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. पासाचे पैसे मात्र दर महिन्याला मीच देत होतो.

बाल न्याय मंडळासमोर एकदा जाऊन आलो. बंधपत्रावर सही केली, पोराला घरी आणलं. आता माझे प्रश्न. मला यात शिक्षा होऊ शकते का? नोकरीवर काही येईल का? शाळा म्हणते दाखला घेऊन जा, असं काढता येतं का? पोराला पोलीस भरतीचं वेड आहे, पहाटे उठून पळायचा, ते संपलंच का? मेहुणा म्हणतो बोर्डिंगला टाक. आई माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, "मना नातू चोर नही शे. तू घर राहस नही, म्हनीसन हाई व्हयनं."

ठाण्यातून आल्या आल्या एक कानाखाली वाजवली होती त्याच्या. तो रडला नाही. तेही लिहून ठेवतो.

केळीवाला_रावेर

भाऊ, राग मानू नको, मी त्या विहीरवाल्याच्या बाजूने बोलणार. माझी केबल चार वर्षांत तीनदा गेली. लोकांना वाटतं केबल म्हणजे काय, चार-पाच हजार. अरे, मागल्या वेळी एप्रिलात गेली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, केळी निसवणीवर, आणि मोटार बंद. त्यात लाईट रात्रीची. कारागीर दोन दिवसांनी उगवला. तिसऱ्या दिवशी पाणी सुरू केलं तोवर पानं खाली पडली होती. त्या बागेच्या घडाचं वजन मी कापणीला बघितलं ना, तेव्हा कळलं केबल कितीला पडली ते. चोर पकडला असता तर वय विचारलं नसतं मी.

आता म्हणे लहान पोरगं, कायदा वेगळा. पुण्यात २०२४ला काय झालं सगळ्यांनी बघितलं. अल्पवयीन पोराच्या गाडीने दोन जीव गेले आणि त्याला ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणाले. आमच्याकडे लोक हसतात त्यावर अजून.

माझं सरळ म्हणणं आहे, पोराला सोडायचं तर सोडा, पण मग बापाला धरा. पोराला वाढवलं कोणी? माझा सोळा वर्षांचा आहे, केळीचा ट्रॅक्टर भरून काट्यावर एकटा नेतो, एक रुपया इकडचा तिकडे करत नाही. वळण लावावं लागतं.

आणि त्या भंगारवाल्याचं काय झालं? तो सुटला असेल बघ. जळकं तांबं कुठून येतं हे त्याला कळत नाही होय?

पप्पू_धुळेकर

मेहुणा बरोबर सांगतोय. बोर्डिंग. दोन वर्षांत सरळ होतो. आमचा झाला.

जुनी_फाईल

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून सत्तावीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी खान्देशात. आता निवृत्त आहे. मुद्द्याचं आधी सांगते.

बॅगवाला दादा, मुलाने चोरी केली एवढ्यावरून बाप गुन्हेगार होत नाही. तुमच्यावर गुन्हा नाही, म्हणून नोकरीवरही काही नाही. ठाण्यात जन्माचा दाखला मागितला तो याचसाठी, की वय अठराच्या आत ठरलं की सगळा रस्ताच बदलतो. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे तुमचा मुलगा 'विधी संघर्षग्रस्त बालक'. आरोपी हा शब्द नाही, कोठडी नाही, बेडी नाही, चोवीस तासांच्या आत मंडळासमोर. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात किमान एक बाई. तुम्ही बघितलंच असेल.

साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून या कायद्यात ती किरकोळ गुन्ह्यात बसते. एरवी अशा प्रकरणात मुलावर एफआयआरसुद्धा होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. तुमच्याकडे झाला असेल तर त्या एकोणीस वर्षांच्या मुलामुळे. मोठ्याबरोबर मिळून केलेला गुन्हा असला की नोंदवतात. पण पुढे दोघांचं एकत्र चालत नाही, त्याचं कोर्टात, तुमच्या मुलाचं मंडळात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. तेवढ्यात संपली नाही तर प्रकरण बंद.

मंडळ काय करू शकतं? समज देऊन घरी पाठवू शकतं, आणि त्यात आईबापांचंही समुपदेशन आलं. मुलाकडून समाजसेवा करून घेऊ शकतं. दंड लावू शकतं, आणि हो, तो दंड मुलाला किंवा आईबापाला भरायला सांगता येतो. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तुमच्या ताब्यात ठेवू शकतं. आणि याच्या जोडीला 'शाळेत जा' असा आदेशही देऊ शकतं. पुढच्या तारखेला तो मागा. कुणी मागत नाही, सगळे फक्त "सोडा हो साहेब" म्हणतात. शाळेच्या दाखल्याच्या गोष्टीवर तो कागद कामाला येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

भरतीचं. या कायद्यात मुलाला पुढच्या आयुष्यात या प्रकरणाचा डाग लागू नये अशी तरतूद आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांना ही नोंद उघड करता येत नाही. पळणं बंद करू देऊ नका.

केळीवाले भाऊ, भंगारवाल्याबद्दल तुमच्याशी सहमत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि त्या एकोणीस वर्षांच्याने उधारीत अडकवून पोरांना चोरीला लावलं असं निघालं तर तो नुसता चोर राहत नाही. लहान मुलाला गुन्ह्याच्या कामाला लावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेत कमीत कमी तीन, जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत. म्हणून दादा, ती अठराशेची उधारी मंडळाला सांगा. लाजून लपवू नका.

पुण्याच्या प्रकरणाचा निबंध सगळ्यांना आठवतो. बापाला अटक झाली हे कुणाला आठवत नाही. तीही पोराने काही केलं म्हणून नाही, बापाने स्वतः काय केलं म्हणून, अल्पवयीनाच्या हातात गाडी दिल्याबद्दल. आणि इथे कायदा खरोखर कडक आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. वर कोर्ट असंच धरून चालतं की गाडी तुमच्या संमतीने गेली. नव्हती, हे तुम्ही सिद्ध करायचं. तर केळीवाले भाऊ, तुमचा वळणदार मुलगा उद्या काट्यावर जाईल तेव्हा जरा विचार करा.

म्हणून दादा, एक विचारते. शंभर फूट केबल डोक्यावरून नेत नाहीत. गाडी कोणाची होती?

आणखी एक. समोर आलेल्या मुलांचे सामाजिक चौकशी अहवाल मी शेकड्याने लिहिले. वडिलांच्या रकान्यात "कामानिमित्त बाहेर" हे इतक्यांदा लिहिलंय की पेन आपोआप चालायचं. ऊसतोडीला, ट्रकवर, सुरतेला, एसटीवर. त्यातले बहुतेक बाप वाईट नव्हते. पण मुलाचा वर्गशिक्षक कोण, असं विचारलं की बायकोकडे बघायचे.

हात पुन्हा उगारू नका.

लेस्टरची_सून

माहेर अमळनेर, आता इंग्लंडात. बापाला धरा म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. इथे धरतात. मागच्या वर्षी मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला आठवडाभर आलो, पोरांची शाळा पाच दिवस बुडाली. परत गेलो तर दंडाचे कागद. माणशी, पोरामागे ८० पौंड, एकवीस दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. आम्ही दोघं, पोरं दोन, म्हणजे ३२० पौंड. लग्नाच्या आहेरापेक्षा जास्त! २००२ साली तर पोरी शाळेत जात नाहीत म्हणून एका आईला तुरुंगात टाकलं होतं इथे.

माझ्या नवऱ्याने मुकाट्याने भरले. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, महिनोन्महिने शाळेत दिसत नाही, त्याच्या आईला तीनदा दंड झालाय. तिने एकदाही भरला नाही, भरायला आहेत कुठे. पोरगा अजून बसस्टॉपवर बसलेला असतो.

सातपुड्यातला_मास्तर

दंडाची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. शाहू महाराजांनी १९१७ ला करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्याआधी १९०६ पासून सयाजीरावांनी बडोदे संस्थानात सक्ती केली होती. (सयाजीराव जन्माने मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या वेशीवरचेच.) नवापूरच्या पुढे सोनगड-व्यारा हा मुलूख त्यांच्याच राज्यात होता. तेव्हाचा एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. पण दंडाच्या आधी त्या राजांनी शाळा काढल्या, फी माफ केली, हे लोक विसरतात.

आताच्या शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, कलम १० आहे. सहा ते चौदा वयाच्या पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण त्यापुढे शिक्षा काही लिहिलेली नाही. मला ते बरं वाटतं. माझ्या शाळेतली अर्धी पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर गुजरातेत जातात. आम्ही शिक्षण हमी पत्रक हातात देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसवून घ्यावं. काही ठिकाणी हंगामी वसतिगृह चालतं, आजी-आजोबांकडे पोरं ठेवून. ज्या वर्षी ते वेळेवर सुरू होतं त्या वर्षी पोरं टिकतात. त्या बापाला दंड लावून मी काय मिळवणार?

बॅगवाला भाऊ, आता तुमचं. शाळेतून नाव न काढण्याचं संरक्षण आठवीपर्यंतच आहे, तुमचा नववीत. तरी लगेच दाखला हातात घेऊ नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुढच्या वर्षी दहावीला बोर्ड ७५ टक्के हजेरी मागतं, त्याची तयारी आत्तापासून. अगदीच जमलं नाही तर बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा फॉर्म आहे, पण तो शेवटचा.

आणि ते कंसातलं. "नऊ दिवस आम्हीच घरी ठेवला होता, ते वेगळं." ते वेगळं कसं, भाऊ? माझ्या अनुभवात पोरगं शाळा पहिल्यांदा स्वतः बुडवत नाही. पहिल्यांदा घरचेच बुडवायला लावतात, कापसाला, लग्नाला, धाकट्याला सांभाळायला. त्यात त्याला कळतं की शाळा बुडली तरी आभाळ कोसळत नाही. दहाव्या दिवशी तो ते स्वतः करून बघतो.

केळीवाला_रावेर

ताई, कलम वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ट्रॅक्टर आजपासून मी नेतोय. कंबर मोडली.

बॅगवाला

सगळ्यांना धन्यवाद. पंधरा दिवस लिहिलं नाही कारण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

गाडी माझी होती. पहिल्यांदा लिहिताना ते मुद्दाम गाळलं. स्कूटी, बायकोच्या नावाने घेतलेली, चालवतो पोरगाच. दळण, दूध, आजीचा दवाखाना, सगळं त्यावर. तेरा वर्षांचा असताना मीच शिकवली, शाळेच्या मैदानावर. केबल तिच्याच पायाशी ठेवून नेली. हे मला ठाण्यात विचारलं तेव्हा मी "माहीत नाही" म्हणालो, आणि पोरगा शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. कानाखाली वाजवली ती खरं तर त्यासाठी, आता कळतंय.

पुढच्या तारखेला मंडळात स्वतः सांगितलं. उधारीचंही सांगितलं. तिथल्या बाईंनी शांतपणे लिहून घेतलं. शाळेच्या आदेशाचं मागितलं, बघतो म्हणाले. मास्तर, अर्ज दिला, पोच घेतली. दाखल्याचं तूर्त थांबलंय. बोर्डिंगचं मी नाही म्हणालो, मेहुणा रुसलाय. स्कूटीची किल्ली माझ्या बॅगेत असते. दूध आणायला मुलगी सायकलवर जाते, तिची कुरकुर आहे आणि ती बरोबर आहे, तिने काय केलं होतं?

डेपोत साहेबांना सांगून शाळेची फेरी मागून घेतली. लांब पल्ल्याचा भत्ता गेला, बायकोने हिशेब करून दाखवला किती गेला ते. सकाळी सात पाचला फाट्यावर तो चढतो, मागच्या सीटवर बसतो. मी बाकीच्यांसारखा त्यालाही पास दाखव म्हणतो. पहिल्या दिवशी पोरं हसली, आता कुणी हसत नाही.

विहीरवाल्या काकांकडे रविवारी गेलो होतो, दोघंही. नवी केबल घेऊन. त्यांनी आम्हाला आधी अर्धा तास बांधावर उभं ठेवलं, गव्हाला दारं धरत राहिले, बोलले नाहीत. मग म्हणाले, आणली आहे तर जोडूनच जा. ते पेटीत पक्कड आणि ब्लेड शोधत होते. ब्लेड सापडलं ते त्यांनी दगडावर ठेवलं आणि पक्कड शोधायला पुन्हा वाकले. मान वर केली तोवर पोराने टोक सोलून ठेवलं होतं. वरचं काळं आवरण गोल कापून ओढलेलं, आतल्या तिन्ही तारा मोकळ्या, एकीलाही ब्लेड लागलेलं नाही. मिनिटसुद्धा लागलं नसेल.

काकांनी ते टोक हातात घेऊन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी विहिरीत बघत होतो.

मोटार चालू झाली. पाणी आलं तसं काकांनी पोराला हाक मारली आणि तिसऱ्या वाफ्याचं दार मोडायला पाठवलं. आम्ही दोघं तिथेच उभे. त्यांनी चहा विचारला नाही, मी अपेक्षाही केली नव्हती.

पुढची तारीख वीसला आहे, त्या दिवशी वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर. मंडळाकडून तारीख बदलून घेता येते का, आणि अर्ज कोणाच्या नावाने करायचा? ताई, बघितलं तर सांगा.